मायक्रोफिल्मसाठी स्थळ

लग्न जुळवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण अक्षता पडल्या की लोक मला विसरतात. औरंगपुऱ्यापासून हर्सूलपर्यंत मी जुळवलेली जोडपी नांदताहेत, आणि जी नांदत नाहीत ती त्यांच्या स्वभावापायी, माझ्यापायी नाही. पण सगळ्यात अवघड लग्न मी जुळवलं ते माणसांचं नव्हतंच. मुलगी म्हणजे पत्र्याच्या डबीतलं फिल्मचं रीळ आणि मुलगा म्हणजे एकट्या माणसाला न हलणारं लोखंडी धूड. दोघांचंही वय उलटून गेलेलं, पण दोन्हीकडच्यांचा तोरा असा की जणू दारात स्थळांची रांग लागली आहे.

त्या वर्षी दुष्काळ होता. आमच्याकडे नुसतं एवढं सांगून भागत नाही, कोणता ते सांगावं लागतं. हा दोन हजार तेराचा. आम्ही नुकतेच बीड बायपासच्या नव्या फ्लॅटात राहायला गेलो होतो. बिल्डरच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. प्रत्यक्षात आंघोळीला बादली मिळवायची तर जिन्यात भांडावं लागे. शहर चहूकडे वाढत होतं, फक्त पाणी तेवढं वाढत नव्हतं. तेव्हा पाटीवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. टँकरवाल्यानं दोन्ही नावांना सारखंच ताटकळत ठेवलं.

तर टँकरची वाट बघत जिन्यात बसले असताना माझ्या मनात नानांचा विचार आला. नाना म्हणजे माझे वडील. अजिंठ्याला भिक्षुकी करायचे. माझं लग्न झालं ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, जुन्या मोठ्या दुष्काळात. गावात प्यायला पाणी नाही आणि घरात लग्न. नानांनी निरोप धाडला, आहेर आणू नका, येताना माणशी एक घागर पाणी आणा. लोकांनी आणलं. मांडवात भांड्यांऐवजी घागरींची रांग लागली. शहरातल्या एका साप्ताहिकाला ही बातमी कळली आणि त्यांनी फोटो काढायला माणूस पाठवला. नानांचा आयुष्यात निघालेला तो एकच फोटो. पुढच्याच वर्षी नाना गेले.

आम्ही श्राद्धाला फोटोच्या जागी सुपारी ठेवतो. सुपारीकडे बघून रडू येत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला नानांचा चेहरा आठवेनासा झाला होता. आवाज आठवतो, चालताना ते गुडघ्यावर हात टेकायचे ते आठवतं, पण चेहऱ्याच्या जागी कधी माझा भाऊ येतो, कधी शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. हे मी कुणाला बोलले नव्हते. बापाचा चेहरा विसरलेल्या मुलीनं कोणत्या तोंडानं सांगायचं? मला तो फोटो बघायचा होता. मरायच्या आत एकदा, नीट, उजेडात.

फोटो छापून आला तेव्हा मी सासरी होते, माझ्या हाती तो अंक कधी पडलाच नाही. आमच्या यांनी मात्र पाहिला होता. आमचे हे म्हणजे दत्तोपंत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले; मराठवाड्यात त्या खात्यात माणूस तब्येत राखून निवृत्त होतो.

"नाना कसे दिसत होते हो त्यात?" मी विचारलं.

"माझा फेटा काय झकास बसला होता," हे म्हणाले.

"मी नानांचं विचारतेय."

"असतील की. होते कुठंतरी तिथंच."

नवऱ्याला एवढंच आठवत असेल तर बाईनं स्वतः बाहेर पडलेलं बरं.

साप्ताहिक कधीच बंद पडलं होतं. त्याच्या फायली औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयात होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. पण वाळवीच्या आधी सरकारी योजना येऊन गेली होती. सगळ्या अंकांचे बारीक बारीक फोटो काढून ते फिल्मच्या रिळावर उतरवले होते. त्यालाच मायक्रोफिल्म म्हणतात. तिथल्या ग्रंथपाल मंजुषाबाईंनी कपाटातून डबी काढली, तिच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि अभिमानानं म्हणाल्या, "त्र्याहत्तर साल पूर्ण आहे."

"मग दाखवा ना."

"बघायला यंत्र लागतं. यंत्र नाही."

"म्हणजे?"

"फिल्मची योजना मंजूर झाली. यंत्राची दुसरी योजना होती, ती आली नाही."

मंजुषाबाईंनी जुन्या माहितीपत्रकात यंत्राचं चित्र तेवढं दाखवलं. आम्ही रीळ खिडकीत धरून बघितलं. एकेक पान नखाएवढं, आणि अक्षरं म्हणजे गुळावरच्या मुंग्या. यांनी पंचांग वाचायचं भिंग आणलं, तर मुंग्या थोड्या मोठ्या झाल्या. कुणी म्हणालं पुण्याला पाठवा. मंजुषाबाईंनी रीळ छातीशी धरलं. "हे माझ्या ताब्यातून कुठंही जाणार नाही. नियम आहे." नियम नसता तरी त्यांनी सोडलं नसतं. मुलीच्या आईची नजर मी ओळखते.

मग मी यंत्राच्या शोधाला लागले. एका बँकेत सांगितलं की होतं, भंगारात गेलं. एका कचेरीत मला झेरॉक्स मशीन दाखवलं. एका फोटो स्टुडिओवाल्यानं लग्नाच्या अल्बमचे दर सांगितले. शेवटी मी नाद सोडला आणि आपल्या कामाला लागले. हर्सूलला एका कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीची चौकशी करायची होती. शिक्षकांच्या खोलीत बसले, आणि समोर बघते तर काय! फुलाफुलांचं कापड पांघरलेलं, डोक्यावर सरस्वतीचा फोटो, आणि पुढच्या काचेत बघून एक प्राध्यापक भांग पाडताहेत. माहितीपत्रकातलं यंत्र! यंत्राची योजना आली होती तर. ती या कॉलेजाला मिळाली होती, आणि कॉलेजाकडे फिल्म नव्हती. सरकारनं एका घरी ताट दिलं आणि दुसऱ्या घरी भात.

अशा रीतीनं मी मुलगी बघायला गेले आणि मुलगा पसंत करून आले.

कॉलेजचे अध्यक्ष तात्यासाहेब. जुने जमीनदार, वय पंचाहत्तरीचं, आवाज शेतातून बांधावर जाईल असा. कॉलेज त्यांच्याच जमिनीवर उभं आहे, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीला पाणी होतं म्हणून त्यांचा टँकरही फिरत होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"बघा की, वहिनी. यंत्र तुमचंच हाय," ते म्हणाले. "त्या बाईला म्हणावं घेऊन या ती फिलीम."

मी हे मंजुषाबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अंबिकाताई, आमचं वाचनालय निजामाच्या काळातलं. त्यांचं कॉलेज काल-परवाचं. आम्ही डबी घेऊन त्यांच्या दारी जायचं? यंत्र इथं आणायला सांगा."

मी पुन्हा हर्सूलला गेले.

"यंत्र तिकडं?" तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "पोराला उचलून पोरीच्या दारात नेऊ व्हय? आमच्यात लग्न पोराच्या दारात लागतं."

"आमच्यात मुलीच्या दारात लागतं," मी म्हटलं.

"मंग झालं की. जमत नाय म्हणायचं."

लग्नाची भाषा त्यांनी काढली, मी नाही. पण ती ऐकली आणि माझा जीव भांड्यात पडला. आतापर्यंत मी दोन सरकारी वस्तूंच्या मधे अडकले होते, त्यातलं मला काही कळत नव्हतं. मुलाकडचे आणि मुलीकडचे म्हटल्यावर मला सगळंच कळत होतं. कोण कुणाच्या दारात जाणार यावरून मोडायला आलेली लग्नं मी आयुष्यभर सावरत आलेय. त्याला एकच उपाय असतो, मंगल कार्यालय.

हर्सूलच्या रस्त्यावर साहेबराव नावाच्या माणसाचं कार्यालय आहे. त्याला मी बरीच लग्नं मिळवून दिली आहेत. त्या उन्हाळ्यात तो रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून माश्या मारत होता. पाणी नाही म्हणून लोक देवळात चार माणसांत उरकून घेत होते.

"काकू, फुकट घ्या," तो म्हणाला. "जनरेटर पण लावतो. हॉलमधी माणसं दिसली म्हंजी झालं. नुसतं एक सांगा, बोर्डावर काय लिहू?"

"काही लिहू नकोस."

त्यानं लिहिलंच. ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो तर फाटकावर मोठ्या अक्षरांत, झालरीसकट: 'वाचनालय परिवार व महाविद्यालय परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहेत.' हे थांबून कौतुकानं वाचायला लागले. मी यांना हाताला धरून आत ओढलं.

मंजुषाबाई रिक्षानं आल्या. डबी रेशमी रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलेली. हल्लीच्या मुली मिरवत येतात, ही मात्र अगदी जुन्या वळणाची, तोंड झाकून आली. मुलाकडच्यांना उशीर झाला, तो होतोच. मग रस्त्यावर धुरळा दिसला. पुढं तात्यासाहेबांचा ट्रॅक्टर, त्यावर गादीत गुंडाळून दोरानं बांधलेलं यंत्र, त्याला धरून बसलेल्या त्यांच्या पत्नी आशाबाई. ट्रॅक्टरला मागं टँकर जोडलेला, कारण त्या उन्हाळ्यात तो काढायला कुणाला सवडच नव्हती. आणि टँकरच्या मागं हंडे, कळश्या, ड्रम घेऊन धावणारी निम्मी वस्ती. टँकर कार्यालयात शिरतोय, फाटकावर बोर्ड आहे, म्हणजे लग्न आहे आणि लग्न आहे म्हणजे पाणी आहे, असा त्यांनी हिशेब केला होता.

"कुणाचं लगीन हाय वो?" एका बाईनं हंडा कमरेवर सावरत विचारलं.

"आतमधी जाऊन बसा, कळंल," साहेबरावानं सगळ्यांना सांगितलं. खुर्च्या भरल्या. असा खुशीत तो त्या अख्ख्या उन्हाळ्यात दिसला नव्हता.

यंत्र व्यासपीठावर ठेवलं. माहितीपुस्तक केव्हाच हरवलेलं. एका बाजूला रीळ अडकवायचं, फिल्मचं टोक काचांच्या मधून, भिंगाच्या खालून न्यायचं आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या चक्रीला गुंडाळायचं, एवढं बघून समजत होतं. पुरुष मंडळी लांबून सूचना देत होती. मी शिवणयंत्रात दोरा ओवते तशी फिल्म ओवली. जनरेटर धडधडला, बटण दाबलं, आतला पंखा खरखरला आणि काच उजळली.

काचेवर लाल धूर होता. त्या धुरात काळ्या जमिनीवर पांढुरक्या रेघा हलत होत्या. वाचता काही येईना.

तात्यासाहेब पुढं आले. मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"उर्दू हाय!" ते म्हणाले. "बघा, उजवीकडनं चाललंय. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूच. थांबा, वाचतो मी."

"साप्ताहिक मराठी होतं," मंजुषाबाई म्हणाल्या.

"आवो, मी शिकलोय ना. हे बघा... पाणी... पाण्याबद्दल लिव्हलंय कायतरी."

हॉलमधल्या लोकांनी माना डोलावल्या. पाण्याबद्दल आहे म्हटल्यावर कुणालाच शंका आली नाही. मंजुषाबाईंचा मात्र तोल सुटला.

"तुमच्या यंत्रानं माझं रीळ खराब केलं! कपाटात चांगलं होतं ते!"

"आमचं यंत्र?" तात्यासाहेब गरजले. "आवो, पंचवीस वर्षांत आमच्या यंत्राबद्दल कुणाची तक्रार नाय. तुमचीच फिलीम किडकी निघाली!"

"पंचवीस वर्षांत तुम्ही ते चालवलं कधी?"

हे ऐकून हंडेवाल्या बायका खुर्च्यांत पुढं सरकल्या. खरं लग्न असतं तरी त्यांना याहून जास्त काही मिळालं नसतं. आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चल घरी जाऊ." माझ्या मात्र डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. नाना त्या धुरात कुठंतरी होते, आणि हे लोक भर मांडवात लग्न मोडायला निघाले होते.

मी दोघांना ओरडून गप्प केलं आणि चक्री फिरवली. पानं सरकली. धूर जागचा हलला नाही. परत फिरवली, तरी तसंच. म्हणजे दोष मुलीत नव्हता, मुलात होता. मी वाकून आत बघितलं. भिंगावर हळदीकुंकवाचं बोट. साधं नाही, चांगलं भरघोस, वर दोन तांदूळ चिकटलेले.

सगळ्यांनी आशाबाईंकडे बघितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"निघताना लावलं वो म्या," त्या म्हणाल्या. "दर दसऱ्याला लावतो ना आम्ही. मला ते त्याचं कपाळ वाटलं. मला काय ठावं, त्याचा डोळा हाय त्यो."

हॉल हसला. मंजुषाबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही, आणि त्या हसल्यावर तात्यासाहेबही हसले. मंजुषाबाईंनी स्वतःच्या चष्म्याचं फडकं काढून मुलाचा डोळा पुसला, आणि त्या क्षणी मला कळलं की आता हे लग्न लागतंय.

काच लख्ख झाली. उर्दू वगैरे काही नव्हतं, मी फिल्म उलट्या अंगानं ओवली होती म्हणून मराठीच उजवीकडून चाललं होतं. रीळ काढून पुन्हा ओवलं. पाटीवर खडूनं लिहावीत तशी, काळ्यावर पांढरी अक्षरं सुलट आली. पहिलाच मथळा होता, 'येत्या दोन वर्षांत शहराचा पाणीप्रश्न कायमचा सुटणार.'

"ताजा पेपर हाय की!" तात्यासाहेब म्हणाले. "आन् बघा, मी म्हणलं नव्हतं? पाण्याबद्दलच हाय!" या विजयानं ते इतके खूश झाले की त्यांनी ड्रायव्हरला बोलावून टँकरचा नळ सोडायला सांगितला. निम्मा हॉल हंडे घेऊन बाहेर पळाला.

मी चक्री फिरवत राहिले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. खडी फोडायची कामं, सुकडीचं वाटप, गुरांच्या छावण्या, बियाण्यांच्या जाहिराती. एप्रिल गेला. मे महिन्याच्या एका अंकाच्या शेवटच्या पानावर मथळा आला: 'आहेरात पाण्याची घागर'. खाली फोटो.

"माझा फेटा!" हे म्हणाले.

फोटोत सगळं उलटं होतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. यांचा फेटा काळा दिसत होता, आमचे चेहरे काळे, आणि आमचे केस पांढरेशुभ्र. वीस वर्षांची नवरी आणि पंचविशीतला नवरा, डोक्यानं आत्ता आहोत तसे. समोर घागरींची रांग, मागं दाटीवाटीनं गाव. यांनी फेट्याबद्दल आणखी काही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

"नाना कुठं आहेत?" मी म्हटलं.

मी एकेक चेहरा बघत गेले. माझा भाऊ सापडला, मामा सापडले, शेजारची द्वारकाबाई सापडली, दात दाखवत. सगळं गाव डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे बघत होतं. नाना नव्हते. मग पुढं, घागरींच्या टोकाला, उजव्या कडेला एक किडकिडीत माणूस दिसला. गुडघ्यावर एक हात टेकलेला. शेंडी, एक कान आणि मानेच्या मागची हाडं. पाठमोरा.

मी भिंग फिरवून मोठं केलं. आणखी मोठं केलं. मोठं करून नुसते ठिपके वाढले, माणूस वळला नाही.

मी संतापले. तिथंच, सगळ्यांसमोर, गेलेल्या माणसावर संतापले. "अख्खं गाव कॅमेऱ्याकडं बघतंय! फोटोवाल्यानं शंभरदा सांगितलं असेल! जन्मात एकदा फोटो निघतोय, तर या माणसानं पाठ करून उभं राहावं?" एवढे खेटे घातले, दोन घराण्यांची मनं राखली, जनरेटर लावला, तो काय मान बघायला? मंजुषाबाई माझ्या पाठीवर हात फिरवायला लागल्या, तो मी झटकला.

आशाबाई पुढं आल्या. त्यांना तीन मुली, तिन्ही दिलेल्या. त्यांनी काचेला जवळजवळ नाक लावलं.

"पण वहिनी," त्या म्हणाल्या, "ते बघायलेत कुठं?"

मी बघितलं. नानांच्या मानेची रेघ धरून बघत गेले. घागरी नाहीत, भटजी नाहीत, जावई नाही. रेघ सरळ माझ्यापाशी येऊन थांबत होती. फोटोवाला ओरडत असताना, सगळं गाव कॅमेऱ्याकडे बघत असताना, नाना वळून माझ्याकडे बघत होते. आणि मी कॅमेऱ्याकडे.

खोटं कशाला सांगू, चेहरा मला तेव्हाही आठवला नाही, अजूनही आठवत नाही. मी रडले मात्र पोटभर. यांनी खांद्यावरचा पंचा काढून मला दिला. बाहेर हंड्यांत पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि आत तात्यासाहेब कुणाला तरी गप्प बसायला सांगत होते.

यंत्र तापून वास यायला लागला होता. मंजुषाबाईंनी चक्रीवर हात ठेवला.

"अंबिकाताई, दिवा जाईल. पुढचं पान फिरवू?"

"थांबा हो जरा," मी म्हटलं. "ते बघताहेत अजून."